रेघ हाताने ओढली खरी, आता दुरुस्त कशी करू?

तिरकी रेघ

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, इंकस्केप (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) शिकते आहे. आतापर्यंत चौकोन, वर्तुळं आणि त्यांची जोडतोड एवढ्यावर भागत होतं. परवा पहिल्यांदाच पेन्सिल टूल घेतलं आणि सरळ हाताने चित्र काढलं. झोपलेलं मांजर. अंगाचं मुटकुळं, पोटात खुपसलेलं डोकं, भोवती शेपूट. टॅबलेटच्या पेनने काढलंय, माऊसने नाही.

चित्र जमलं. (असं मीच म्हणते, अजून कोणाला दाखवलेलं नाही.) फक्त पाठीच्या रेघेत मधोमध एक खड्डा पडलाय. मणका दुखावल्यासारखं दिसतं बिचारं. म्हटलं व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी गणिताने साठवलेली रेघ) तर आहे, नोड (रेघेला आकार देणारा बिंदू) पकडायचा, उचलायचा, झालं. नोड टूल घेऊन रेघेवर क्लिक केलं, सगळं निवडलं, तर खालच्या पट्टीवर आकडा आला 214. एका पाठीला 214 नोड! एक उचलला तर सुळका आला. शेजारचा उचलला तर दोन सुळके. हँडलं (नोडला चिकटलेल्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या) सरळ करत बसले, पाऊण तासात बोटभर रेघ झाली, तीही आधीपेक्षा वाईट. मग कुठेसं वाचलेलं आठवलं म्हणून कंट्रोल+एल (नोड कमी करून रेघ सोपी करणारं 'सिम्प्लिफाय') दाबलं. परत दाबलं. चौथ्यांदा दाबल्यावर मांजराची उशी झाली.

तर प्रश्न असा. हाताने काढलेल्या रेघेचा मधलाच तुकडा बदलायचा आहे, बाकीची रेघ आणि तिच्यातला 'हात' जसाच्या तसा राहू द्यायचा आहे. तुम्ही काय करता? की पुसून पुन्हा काढणे हाच उपाय?

(चित्र चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीये. डोळे मिटून मांजर आणा.)

आळशी खारूताई

चित्र दिसत नाहीये.

आळशी खारूताई

शेवटची ओळ आत्ता वाचली. माझा प्रतिसाद काढून टाकायचा कसा?

बिंदुमाधव

पुसा आणि पुन्हा काढा. कंट्रोल+झेडइतकं चांगलं टूल अजून कोणी बनवलेलं नाही. 214 नोड सरळ करत बसण्यापेक्षा पाठ वीस वेळा ओढणं कमी कष्टाचं आहे, आणि विसाव्या वेळी हातही बसलेला असतो.

शाईचा डाग

जाणकारांच्या प्रतीक्षेत. मलाही हाच त्रास आहे, फक्त माझं मांजर नाही, घोडा आहे. घोड्याला पाय चार असल्यामुळे त्रास चौपट.

चौथा कोपरा

'काय करू' याच्या आधी 'असं का होतं' हे सांगतो, म्हणजे पुढचे उपाय आपोआप कळतील. थोडं लांबेल.

तुम्ही पेन ओढता तेव्हा सॉफ्टवेअरला रेघ मिळत नाही. मिळतात ते सुटे ठिपके, सेकंदाला शंभराच्या वर. त्या ठिपक्यांतून वक्र बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. त्याची सगळ्यात प्रसिद्ध रीत फिलिप श्नायडर यांनी 1990 साली मांडली आणि तिची वेगवेगळी रूपं आजही ठिकठिकाणी वापरात आहेत. ढोबळ कल्पना अशी: सगळ्या ठिपक्यांसाठी मिळून एकच बेझिए वक्र (दोन टोकांचे नोड आणि त्यांची हँडलं यांनी ठरणारं वळण) बसवून बघायचा. कुठला ठिपका त्या वक्रापासून सगळ्यात लांब पडला ते मोजायचं. अंतर चालण्यासारखं असेल तर काम संपलं. नसेल तर बरोब्बर त्या ठिपक्यापाशी रेघ तोडायची, तिथे नोड ठेवायचा, आणि दोन्ही तुकड्यांवर हाच खेळ पुन्हा. अंतर आवाक्यात येईपर्यंत तोडत राहायचं.

आता बघा, नोड कुठे पडले? पाठ जिथे वळते तिथे नाही. जिथे तुमचा हात हलला तिथे. मांजराच्या पाठीला खरं तर चार-पाच नोड पुरतात; उरलेले दोनशेनऊ तुमच्या मनगटाचे आहेत. म्हणून एक उचलला की सुळका येतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी एवढे जवळ आहेत की वळायला जागाच नाही.

इंकस्केपमध्ये पेन्सिल घेतल्यावर वर 'स्मूदिंग' असा आकडा दिसतो, 1 ते 100. 'चालण्यासारखं अंतर' म्हणतोय ते हेच. तुमचा आकडा फार खाली असणार. आणि हळू ओढलीत ना रेघ? हळू ओढली की ठिपके दाटीने पडतात आणि हाताचं प्रत्येक कंपन नोंदलं जातं. झपकन ओढलेली रेघ बहुधा जास्त स्वच्छ येते.

तिरकी रेघ

आकडा 4 आहे. आणि हो, जीव मुठीत धरून ओढली होती.

निवृत्त कंपोझिटर

धाग्याचं नाव वाचून वाटलं 'फ्रीहँड'वर चर्चा आहे, म्हणून धावत आलो. आमच्या पिढीला फ्रीहँड म्हटलं की हाताची रेघ आठवत नाही, सॉफ्टवेअर आठवतं. 1988 साली आलं. बनवलं आल्टसिसने, विकलं आल्डसने, पुढे मॅक्रोमीडियाकडे गेलं. 2005 मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडियाच घेतली आणि 2007 मध्ये जाहीर केलं की आता नवी आवृत्ती नाही. घरात आधीपासून इलस्ट्रेटर, त्यांचं स्वतःचं तसलंच सॉफ्टवेअर, होताच. दोन जावा एका स्वयंपाकघरात कशा नांदणार!

माझ्याकडे अजून जुन्या फाइली आहेत, उघडायला काही नाही.

शाईचा डाग

काका, जुन्या फाइलींचं दुःख आहे, पण माझ्या घोड्याचं काय?

निवृत्त कंपोझिटर

घोडा कशात काढलाय ते सांगा आधी. कोरलमध्ये (हेही चित्रांचं सॉफ्टवेअर) असेल तर एफ10 दाबून शेप टूल घ्या, त्रास देणाऱ्या भागापुरतेच नोड निवडा आणि 'रिड्यूस नोड्स' करा. सगळ्या रेघेवर करू नका. आणि रेघ ओढतानाच चुकलं असं लक्षात आलं तर बटण न सोडता शिफ्ट दाबून आल्या वाटेने उलटं जा, रेघ पुसली जाते. शिफ्ट सोडा, पुढे काढा. हे बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. मलाही नव्हतं.

वाकडी वेल

मी इलस्ट्रेटरवाली. आमच्याकडे तिरकी रेघ यांना हवंय तसं नेमकं मिळतं. रेघ निवडलेली ठेवायची, पेन्सिल घ्यायची, जिथून बिघडलं तिथे रेघेवरच टेकवायची, नवा आकार ओढायचा आणि पुन्हा जुन्या रेघेवर येऊन सोडायची. मधला तुकडा बदलतो, बाकी हलत नाही.

नवशिक्यांचे दोन घोटाळे नेहमीचे. एक, रेघ निवडलेलीच नसते, मग दुरुस्तीऐवजी वर दुसरी रेघ तयार होते. लांबून कळत नाही, दोन रेघा एकमेकींवर बसून राहतात आणि ती जागा जरा जाड दिसते. दोन, शेवट जुन्या रेघेपासून लांब सुटतो, मग अर्धी मूळ रेघच गायब होते. पेन्सिलवर डबल क्लिक केलं की 'निवडलेला पाथ (म्हणजे रेघ) बदला' अशी खूण आणि किती पिक्सेलच्या आत आलं की जवळ धरायचं तो आकडा मिळतो. आधी तो बघा. आणि तिथली ऑल्टची सोय चालू असेल तर पेन्सिल हातात असताना ऑल्ट दाबून ठेवलं की ती रेघ मऊ करणारं टूल होते. त्याच जागेवरून दोन-तीनदा हलकेच फिरवायचं.

तिरकी रेघ

वाकडी वेल, हेच हवंय! इंकस्केपमध्ये आहे का असं?

गुंता

अगदी तसं नाही, पण आडवाटेने तिथेच जाता येतं.

नोड टूल घ्या (एन). खड्ड्याच्या अलीकडचा एक चांगला नोड आणि पलीकडचा एक चांगला नोड ठरवा. मधले सगळे निवडून डिलीट करा. आता त्या दोघांमध्ये एकच तुकडा उरला. ते दोघे निवडून वरच्या पट्टीतल्या 'दोन नोडमधला तुकडा काढा' या बटणाने तो तुकडाही काढा. रेघेला खिंडार पडलं. रेघ निवडलेलीच असू द्या आणि पेन्सिल घ्या (पी). तुटलेल्या टोकांवर छोटे चौकोन दिसतील. एका चौकोनावरून सुरुवात, दुसऱ्या चौकोनावर शेवट. नवा तुकडा दोन्हीकडे आपोआप जोडला जातो.

चौकोनाच्या बाहेर सुटलं तर जोडलं जात नाही. जवळ झूम करून करा.

बिंदुमाधव

म्हणजे पुसून पुन्हा काढणेच झालं की. मी एका ओळीत सांगितलं होतं.

गुंता

तुम्ही अख्खी पाठ पुसायला सांगितली होती. मी खड्डा पुसतोय.

अर्धविराम

अवांतर: 'नोड'ला मराठीत काय म्हणावं? प्रत्येक प्रतिसादात नोड, नोड, नोड वाचून कान किटले. 'गाठ' चालेल?

शाईचा डाग

गाठ म्हणजे गुंतलेलं काहीतरी. इथे दोरी नीट आहे, फक्त खिळे मारलेत.

लपेटीव

'पेर' म्हणा. उसाला असतं तसं. दोन पेरांमधलं कांडं म्हणजे सेगमेंट. रोप कुठे वाकतं, कुठून फुटतं, ते पेर ठरवतं. अगदी चपखल.

आळशी खारूताई

आणि हँडलांना मिशा. दोन्हीकडे सरळ फुटलेल्या, टोकाला गोळा. मी तर केव्हापासून मिशाच म्हणते. एक मिशी ओढली की दुसरी हलते तो स्मूद नोड, दोन्ही सारख्या लांबीच्या तो सिमेट्रिक, आणि भांडण होऊन दोघी दोन दिशांना तो कस्प.

अर्धविराम

मिशीला मत. पण 'कस्प'ला काय?

चौथा कोपरा

कोपरा. माझं नाव उगाच आहे का!

संपादक मंडळ

पारिभाषिक शब्दांची चर्चा रंगते आहे, पण तिच्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. मूळ प्रश्न बाजूला पडतो.

आळशी खारूताई

मिशा मात्र इथेच राहतील.

लपेटीव

मी अक्षरं काढते, म्हणजे कॅलिग्राफीतलं अक्षर स्कॅन करून किंवा थेट पेनने ओढून मग फाँटसाठी स्वच्छ करते. रोजचं काम हेच असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

चौथा कोपरा यांनी पेरं कुठे पडतात ते सांगितलं. कुठे पडायला हवीत ते मी सांगते. आमचा नियम: आकार जिथे सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे, सगळ्यात उजवीकडे जातो तिथे पेर, शिवाय वक्र जिथे पोट बदलतो, म्हणजे डावीकडे वळता वळता उजवीकडे वळू लागतो, तिथे गरज पडली तर एक. मिशा शक्यतो आडव्या किंवा उभ्या. बस. पूर्ण वर्तुळाला चार पेरं पुरतात, आणि त्यात होणारी चूक त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांहूनही कमी असते. डोळ्याला दिसणं शक्य नाही. तेवढ्यात वर्तुळ भागतं, तर मांजराच्या पाठीने फार मागू नये.

'ळ' घ्या. दोन पोकळ्या, मध्ये ताण, शेवटी लपेट. पेनने ओढला की सहज शंभरएक पेरं येतात. मी ती एकेक सुधारत नाही. मूळ रेघ खालच्या लेयरवर ठेवते, फिकट करते, लेयरला कुलूप लावते आणि वर पेन टूलने, एकेक पेर स्वतः ठेवत, पंधरा-सोळा पेरांत पुन्हा काढते. खालच्या रेघेने काय करायचं ते सांगितलेलं असतं, हाताने ओढताना झालेली धडपड तेवढी गळते.

एक धोका. नवीन माणूस वक्राच्या मधोमध पेर टाकतो, कारण तिथे 'पकडायला' सोपं वाटतं. तिथेच गाडी अडखळते. पेर जितकी कमी, तितकी प्रत्येक मिशी लांब. मिशी लांब तितका वक्र निवांत.

कोळसा

इथे माझा विरोध नोंदवा.

लपेटीव यांचं अक्षराबाबत शंभर टक्के बरोबर. पण मांजर म्हणजे अक्षर नाही. धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, रेघेतला 'हात' राहिला पाहिजे. पंधरा पेरांत पुन्हा काढलेली पाठ सुंदर असेल, पण ती हाताने काढलेली पाठ नसेल. ती पाईपलाईन असेल. चौथा कोपरा म्हणाले दोनशेनऊ नोड मनगटाचे आहेत. अहो, मनगट म्हणजेच तर चित्र!

बेझिए वक्र आले कुठून? पिएर बेझिए रेनोमध्ये होते. त्यांच्याआधी 1959 मध्ये सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी हेच गणित केलं होतं, कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. दोघांचंही काम मोटारीच्या पत्र्याचे वळसे. गुळगुळीतपणा हीच त्या गणिताची नोकरी. त्यात मांजराचं चित्र बसवायला गेलं की मांजर बोनेटसारखं चकाकतं. दोष गणिताचा नाही. आपण ते कुठे वापरतो त्याचा आहे.

मी स्केच करताना नोडांकडे बघतही नाही. 214 असोत की 2140. फाइल जड होते? होऊ दे.

लपेटीव

कोळसा, हातातला जिवंतपणा आणि हाताची थरथर या दोन गोष्टी आहेत. पाठ कुठे फुगते, कुठे सैल पडते, हा हात. मिलिमीटरभर वरखाली दातेरी होणं, ही नुसती थरथर. दुसरी काढली म्हणून पहिली जात नाही.

कोळसा

आणि कुठली कुठली हे कंट्रोल+एलला कळतं?

लपेटीव

नाही. म्हणूनच मी ते वापरत नाही. हे मान्य.

चौथा कोपरा

दोघांचंही जमवता येईल. इंकस्केपमध्ये पेन्सिलच्या पट्टीवर स्मूदिंगच्या शेजारी एक बटण आहे, पाथ इफेक्ट (मूळ रेघ न बदलता वरून लावलेला बदल) वापरून सिम्प्लिफाय करायचं. ते आधीच चालू ठेवून रेघ काढली तर मूळ दाट रेघ आत जपली जाते आणि वर दिसते ती सोपी केलेली. आकडा नंतर केव्हाही कमीजास्त करा. आवडली नाही तर इफेक्ट काढून टाका, थरथर परत हजर. कंट्रोल+एल मात्र जाळून टाकतं. एकदा फाइल बंद केली की परतीची वाट नाही.

कंट्रोल+एलबद्दल दोन खोड्या, कारण मांजराची उशी बहुतेक त्यांनीच केली:

पटापट दाबलं की प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जोरात कापतो. दोन दाबांमध्ये जरा थांबलं तर पुन्हा मूळ ताकदीवर येतो. तुम्ही चारदा टकाटक दाबलं असणार.

दुसरी जास्त छुपी. किती कापायचं ते निवडलेल्या एकूण आकारावरून ठरतं. पाठीबरोबर चुकून मोठी पार्श्वभूमी निवडलेली असेल तर पाठ कितीतरी जास्त कापली जाते. फक्त पाठ निवडा, मग दाबा.

तिरकी रेघ

पार्श्वभूमी म्हणून मोठी चटई काढली होती. ती निवडलेली होती. अरे देवा.

शाईचा डाग

घोड्याखाली अख्खं मैदान होतं. आता कळलं पाय का गेले.

गुंता

कोळसा यांना नोड बघायचे नसतील तर एक गंमत सांगतो. जास्त नोड असणं इथे फायद्याचं ठरतं. नोड टूलमध्ये पाठीचे सगळे नोड निवडा, खड्ड्याच्या मधला नोड ऑल्ट दाबून वर ओढा. तो पूर्ण वर येतो, शेजारचे थोडे कमी, त्यापुढचे आणखी कमी. टेकडीसारखा सगळा भाग एकदम उचलला जातो, थरथर आहे तशी. खाली आलेला तंबू आतून काठीने उचलावा तसं. सुळका येत नाही. ज्या रेघेत नोड कमी आहेत तिथे उलट आधी इन्सर्ट दाबून वाढवावे लागतात.

किती लांबचे नोड ओढले जावेत हे किती निवडलेत त्यावर. एखाद्या नोडवर पॉइंटर ठेवून माऊसचं चाक फिरवलं की निवड आसपास पसरत जाते.

कोळसा

हे भारी आहे! इतकी वर्षं वापरतो, माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

निवृत्त कंपोझिटर

कोरलमध्ये शेप टूलला 'इलॅस्टिक मोड' आहे, जवळपास हेच. निवडलेले नोड रबरासारखे मागून येतात.

कोळसा

गुंता, करून बघितलं. ऑल्ट दाबून ओढलं तर नोड हलत नाही, अख्खी विंडोच सरकते.

गुंता

लिनक्स ना? ऑल्ट आणि ओढणं ही जोडी तिथे पुष्कळदा विंडो सरकवण्यासाठी राखून ठेवलेली असते, इंकस्केपपर्यंत पोहोचतच नाही. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये ती सुपर कीवर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) टाका.

कोळसा

झालं. घोड्याला नको, मला पाय फुटले.

शाईचा डाग

माझ्या घोड्याला मध्ये आणू नका.

धूसर

बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्याने लॉगिन करायला लावलं.

कोणीच न बोललेला मुद्दा: रेघेची जाडी. हाताचा 'हात' जास्त करून जाडी-बारीकपणात असतो, आकारात त्या मानाने कमी. पण एसव्हीजीमध्ये (इंकस्केपच्या फाइलीचा प्रकार) एका पाथला एकच जाडी. म्हणून कॅलिग्राफी टूलने काढलेली 'रेघ' ही मुळात रेघ नसतेच, तो आत रंग भरलेला लांबोडका आकार असतो, दोन्ही काठांना नोड असलेला. तिरकी रेघ यांनी पेन्सिल वापरली हे नशीब. कॅलिग्राफी टूल वापरलं असतं तर एका पाठीला दोन काठ, म्हणजे खड्डाही दोन्हीकडून भरावा लागला असता, आणि जाडी बिघडली असती.

माझी रीत: पेन्सिलने साधी एकसारखी रेघ. आकार पक्का होईपर्यंत जाडीला हात लावायचा नाही. मग पॉवर स्ट्रोक हा पाथ इफेक्ट. त्याचे जाडीचे बिंदू नोडांपेक्षा वेगळे असतात, रेघेवर कुठेही ठेवता येतात. पाठीवर जाड, मानेपाशी बारीक, शेपटीच्या टोकाला शून्य. इंकस्केप 1.0 पासून, म्हणजे 2020 पासून, पेन्सिलला पेनचा दाब देता येतो, तेव्हा हा इफेक्ट आपोआप लागतो.

गंमत म्हणजे, लपेटीव म्हणतात तशी कमी पेरांची स्वच्छ रेघ घेऊन तिला अशी जाडी दिली तर कोळसा यांनाही ती हाताचीच वाटेल. मी पैजेवर सांगते.

कोळसा

पैज नको. हरेन असं वाटतंय.

तिरकी रेघ

बाप रे, केवढं शिकायला मिळालं. आज रात्री सगळे उपाय करून बघते. त्याआधी एक उपप्रश्न. रंग भरला तर मांजराच्या अंगावर उलटसुलट त्रिकोण येतात. पाठीचा रंग पाठीतच, पोटाचा वेगळाच. हे काय?

वाकडी वेल

मधे पेन उचललंत ना? जितक्या वेळा उचललं तितके वेगळे पाथ. उघड्या पाथमध्ये रंग भरला की सॉफ्टवेअर त्याच्या दोन टोकांमध्ये मनातल्या मनात सरळ रेघ मारतं आणि तेवढ्या भागात रंग ओततं. ते तुमचे त्रिकोण.

गुंता

जोडायचेच असतील तर: सगळे पाथ निवडून कंट्रोल+के, म्हणजे एकच वस्तू होते. मग नोड टूलने समोरासमोरची दोन टोकं निवडून शिफ्ट+जे. एकेक जोड करत जा. दोन टोकं एकमेकांपासून लांब असतील तर ती ओढून मध्यावर आणली जातात, म्हणून आधी जवळ आणून ठेवा.

धूसर

जोडू नका! रेघांना तशाच सुट्या राहू द्या. खालच्या लेयरवर पेन टूलने मांजराचा ढोबळ बंद आकार काढा, त्यात रंग भरा, त्याची कड काढून टाका. रंग रेघेच्या आत-बाहेर थोडा गेला तरी चांगलंच दिसतं. टोकं उघडी राहिली तर चित्र श्वास घेतं.

बिंदुमाधव

धूसर यांच्याशी सहमत. आणि तो ढोबळ आकार दहा नोडांत होतो, लपेटीवही खूश.

तिरकी रेघ

हजर आहे. अहवाल देते.

पहिली खेप: खड्ड्यातले 31 नोड निवडून डिलीट. इंकस्केपने उरलेल्या तुकड्याचा आकार शक्य तितका तसाच राखला, म्हणजे खड्डा गुळगुळीत झाला पण राहिला. तो तुकडाच मधोमध पकडून वर ओढला. खड्डा गेला. पण बाकी पाठ हाताची आणि मधली बोटभर प्लॅस्टिकची. कोळसा यांचं म्हणणं तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

दुसरी खेप: गुंता यांचा तंबू. खड्डा सुरेख भरला. पण निवड जास्त पसरली होती, त्यामुळे खांदाही वर आला आणि मांजर दचकल्यासारखं दिसायला लागलं. कमी निवडून परत केलं, बरं झालं.

तिसरी: खिंडार पाडून पेन्सिलने पुन्हा. स्मूदिंग 20 वर ठेवलं, श्वास रोखला नाही, झपकन ओढलं. पाच वेळा चौकोन चुकला. सहाव्यांदा बसलं, आणि ती रेघ बाकीच्या पाठीपेक्षा एवढी चांगली आली की आता बाकीची पाठ वाईट दिसते.

बिंदुमाधव

मग अख्खी पाठ पुसा आणि पुन्हा काढा. मी...

तिरकी रेघ

काढली. एका झटक्यात. 17 नोड. बिंदुमाधव, तुम्ही तिसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतंत, मान्य. पण तेव्हा काढली असती तर पुन्हा 214 च आले असते.

बाकी पोट, कान, शेपूट जुनंच ठेवलंय, थरथरीसकट. रंग धूसर यांच्या रीतीने खाली वेगळा. जाडी उद्या. चित्र या वेळी चढलंय असं वाटतं, बघा.

लपेटीव

17! त्यातली चार तरी अजून काढता येतील.

कोळसा

हात लावू नका त्या पाठीला.

आळशी खारूताई

चित्र दिसलं! गोड आहे मांजर. पण डावीकडे अजून एक खड्डा राहिलाय बघ.

तिरकी रेघ

ती मान आहे.